सहा चटण्या, सहा परीक्षक : लॅटिन स्क्वेअरच्या पुढं काय असतं?

डंकवाली_राजारामपुरी

नमस्कार मंडळी, प्रश्न गणिताचा आहे पण सुरुवात चटणीपासनं करावी लागतीय, जरा दमानं वाचा. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी आधी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढतात ती नव्हं, वर्षभराचं कांदा-लसणाचं लाल तिखट, उन्हाळ्यात मिरच्या वाळवून डंकावर कुटून आणतो ते. आमच्या कॉलनीत सगळ्यांच्या चटण्या झाल्या की एका रविवारी स्पर्धा असते. सहा घरांच्या सहा चटण्या, रस्सा एकाच बाईंनी एकाच पद्धतीनं करायचा, फक्त चटणी बदलायची, आणि सहा परीक्षक. प्रत्येकानं सहाच्या सहा वाट्या चाखायच्या, वाटीवर नाव नाही नुसता नंबर.

मी बी.एस्सी. गणित, घरी क्लास घेते, म्हणून तक्ता करायचं काम माझ्याकडं. मागच्या वर्षी मी साधा लॅटिन स्क्वेअर केला, म्हणजे पहिल्या परीक्षकाला १ २ ३ ४ ५ ६, दुसऱ्याला २ ३ ४ ५ ६ १, तिसऱ्याला ३ ४ ५ ६ १ २ असं सरकवत. प्रत्येक परीक्षकाला प्रत्येक चटणी एकदा, आणि पहिली वाटी, दुसरी वाटी अशा प्रत्येक पाळीला प्रत्येक चटणी एकदा. मला वाटलं झालं, सगळ्यांना सारखा न्याय.

निकाल लागला आणि दोन नंबरच्या काकू शेवटच्या आल्या. त्यांची चटणी मी स्वतः वर्षभर खाल्लीय, शेवटची यायची ती चटणीच नव्हे. त्यांनी तक्ता मागून घेतला, चष्मा लावून पाच मिनिटं बघितला आणि म्हणाल्या, "अगं, माझी वाटी सहातल्या पाच जणांनी एक नंबरच्या पाठोपाठ खाल्लीय की. त्यांच्यात लवंगी मिरची असते. जीभ भाजल्यावर माझं काय लागणार?" बरोबर होतं त्यांचं. माझ्या तक्त्यात २ नेहमी १ च्या मागनंच येतो, फक्त जिथं २ पहिलाच आहे तिथं नाही. मला लई वाईट वाटलं.

यावर्षी हे सुधारायचंय, आणि वर एक भर पडलीय. रस्सा कशाबरोबर खाल्ला यानं चव बदलते म्हणून सहा प्रकार ठरलेत: ज्वारीची भाकरी, चपाती, पाव, भात, उकडलेलं अंडं आणि नुसती वाटी तोंडाला. प्रत्येक परीक्षकाला सहाही प्रकार एकेकदा, प्रत्येक पाळीला सहाही एकेकदा, आणि प्रत्येक चटणी प्रत्येक प्रकाराबरोबर बरोब्बर एकदा, अशा एकूण ३६ जोड्या. तीन रात्री वही घेऊन बसले, ३२ वेगवेगळ्या जोड्यांपर्यंत पोचले, पुढं जमतच नाही.

तर लॅटिन स्क्वेअरच्या पुढची काही रूपं असतात का, ज्यात अशा जादा अटी घालता येतात? त्यांना नावं काय? आमच्या अभ्यासक्रमात व्याख्या आणि दोन उदाहरणं एवढंच होतं. आणि एक परीक्षक म्हणतायत की ॲसिडिटीमुळं तीनच वाट्या खाईन, त्यांचं काय करावं तेही सांगा.

निवृत्त_प्लॉटवाला

ताई, तुमच्या काकूंनी जे पकडलं त्याला आमच्या प्रयोगाच्या भाषेत कॅरीओव्हर म्हणतात, आधीच्या ट्रीटमेंटचा असर पुढच्या ट्रीटमेंटवर सांडणं. मी तीस वर्षं उसाच्या आणि भुईमुगाच्या प्लॉटांची आखणी केली, तिथं हे कमी येतं कारण प्लॉट जागेवर असतो, पण जनावरांच्या खाद्याचे प्रयोग घेतात ना, एकाच म्हशीला महिनाभर एक खुराक मग दुसरा, तिथं हा प्रश्न रोजचा. म्हशीला मागच्या महिन्याची पेंड लगेच विसरता येत नाही, तसंच जिभेला लवंगी.

तुम्हाला हवाय तो लॅटिन स्क्वेअरच, पण त्यात एक अट वाढवलेली: आडव्या ओळींत शेजारी-शेजारी येणारी प्रत्येक क्रमवार जोडी पूर्ण तक्त्यात एकदाच यावी. म्हणजे १ च्या पाठोपाठ २ एकदाच, १ च्या पाठोपाठ ३ एकदाच, ४ च्या पाठोपाठ १ एकदाच, असं सगळं. अशा चौकोनाला रो-कम्प्लीट म्हणतात, आणि प्रयोगवाले त्याला विल्यम्स डिझाइन म्हणतात, कारण ऑस्ट्रेलियातल्या ई. जे. विल्यम्स यांनी १९४९ साली ते मांडलं. सहासाठी हा घ्या, आडवी ओळ म्हणजे एक परीक्षक:

१ २ ६ ३ ५ ४
२ ३ १ ४ ६ ५
३ ४ २ ५ १ ६
४ ५ ३ ६ २ १
५ ६ ४ १ ३ २
६ १ ५ २ ४ ३

काकूंना दाखवा. २ च्या आधी काय काय येतंय बघा: पहिल्या ओळीत १, तिसरीत ४, चौथीत ६, पाचवीत ३, सहावीत ५, आणि दुसऱ्या ओळीत ती पहिलीच आहे. प्रत्येक चटणीचं असंच, कुणाच्याही आधी लवंगी एकदाच.

करायची पद्धत सोपी आहे म्हणून सांगतो, पुढच्या वेळी तुम्हाला स्वतः करता येईल. पहिली ओळ डावी-उजवी झिगझॅग लिहायची, ०, १, ५, २, ४, ३, आणि मग प्रत्येक पुढच्या ओळीत सगळ्यांत १ मिळवायचा, ६ झाले की परत ०. (वर मी ० ऐवजी १ पासून मोजलंय.) हे चालतं कारण पहिल्या ओळीतले लागोपाठचे फरक ६ च्या हिशोबानं १, ४, ३, २, ५ येतात, सगळे वेगळे. मागच्या वर्षी तुमच्या तक्त्यात सगळे फरक १ होते, सगळं दुखणं तिथंच होतं.

पण लक्षात ठेवा, हे सम संख्येलाच असं सरळ जमतं. सातवं घर आलं तर ७ ला असा एकच चौकोन करता येत नाही, ३, ५ आणि ७ ला तो अस्तित्वातच नाही, ९ ला मात्र आहे. ७ असतील तर ०, १, ६, २, ५, ३, ४ असा एक चौकोन आणि त्याचा उलटा दुसरा, दोन्ही मिळून १४ परीक्षक घ्यायचे, मग प्रत्येक क्रमवार जोडी दोनदा येते आणि तोल राहतो.

घाटावरचा_पोरगा

मला एक कळत नाही, एवढं कशाला, प्रत्येक परीक्षकाला चिठ्ठ्या उचलायला लावा, क्रम आपोआप बदलेल आणि मधे मधे पाणी द्या.

निवृत्त_प्लॉटवाला

भावा, चिठ्ठ्या शंभर परीक्षक असतील तर चालतील, तिथं सरासरीनं तोल येतो. सहाच जण असताना चिठ्ठ्यांत एखादी चटणी चार वेळा लवंगीमागं येऊ शकते आणि परत काकू त्याच जागी बसतील. चिठ्ठी जरूर उचला, पण ती घर कुठलं आणि नंबर कुठला हे ठरवायला, म्हणजे तक्त्यातला १ कुणाच्या वाट्याला येतो ते कुणी ठरवलं नाही असं होईल. क्रम तक्त्यानंच. आणि पाण्यानं तिखट जात नाही, मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ताक द्या, दुधातलं केसिन त्याला धरून नेतं. ताक दिलं तरी थोडं राहतंच म्हणून हा चौकोन.

एमएस्सी_विद्यानगर

ताई, तीन रात्री तुम्ही जे शोधत होता ते शोधायला जगातल्या मोठमोठ्या लोकांनी आयुष्यं घातलीत, त्यामुळं ३२ ला अडकलात याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नका. ६ ला कमाल ३४ वेगळ्या जोड्या जमतात, ३६ कधीच नाहीत.

हा ऑयलरचा ३६ अधिकाऱ्यांचा प्रश्न आहे. सहा रेजिमेंट, सहा हुद्दे, ३६ अधिकारी, सहा बाय सहा उभे करायचे, प्रत्येक ओळीत-रकान्यात प्रत्येक रेजिमेंट आणि प्रत्येक हुद्दा एकदा. तुमची चटणी म्हणजे रेजिमेंट, भाकरी-भात म्हणजे हुद्दा. ऑयलरनं १७८२ साली छापलेल्या लेखात लिहिलं की हे होत नसावं, आणि पुढं जाऊन अंदाज केला की २, ६, १०, १४, १८ अशा, चारनं भागल्यावर दोन उरणाऱ्या कुठल्याच संख्येला होत नसावं. ६ चं गास्तों तारी या फ्रेंच माणसानं १९०० च्या सुमाराला हातानं सगळ्या शक्यता तपासून सिद्ध केलं. पहिली ओळ आणि पहिला रकाना ठरवून टाकला तरी ६ चे ९४०८ लॅटिन स्क्वेअर होतात, आणि मोकळे मोजले तर ८१,२८,५१,२००, त्यामुळं हातानं तपासणं म्हणजे काय काम असेल विचार करा.

आणि आता आपल्या अभिमानाची गोष्ट. ऑयलरचा बाकीचा अंदाज पावणेदोनशे वर्षांनी खोटा ठरवला तो राज चंद्र बोस, आपले शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अमेरिकेतले पार्कर या तिघांनी, १९५९ मध्ये. बोस-श्रीखंड्यांनी आधी २२ चा चौकोन करून दाखवला, मग पार्करनं १० चा, आणि तिघांनी मिळून दाखवलं की २ आणि ६ सोडले तर सगळ्यांना जमतं. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली होती. श्रीखंडे नंतर मुंबई विद्यापीठात बरीच वर्षं शिकवत होते, २०२० साली वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. आमच्या वर्गात पंचेचाळीस जण होतो, त्यातल्या तिघांनाच हे नाव माहीत होतं, याचं मला मनापासून दुःख होतं, म्हणून संधी मिळेल तिथं मी सांगतो.

तर ६ ला सहा प्रकार नाहीतच. आता प्लॉटवाले काकांनी दिलेला चौकोन घ्या, त्याच्याबाबतीत तर हे दोन ओळींत सिद्ध होतं आणि इतकं सुंदर आहे की लिहितोच. समजा तुम्ही फक्त भाकरीच्या सहा जागा निवडताय, प्रत्येक ओळीतली एक, प्रत्येक रकान्यातली एक, आणि सहाही चटण्या वेगळ्या. त्या चौकोनात चटणी = ओळीचा नंबर + रकान्याचा नंबर (० ते ५, सहाच्या हिशोबानं, रकान्याचा नंबर म्हणजे ०, १, ५, २, ४, ३ हा क्रम). सहा ओळींची बेरीज १५, सहा रकान्यांची १५, एकूण ३०, म्हणजे ६ च्या हिशोबानं ०. पण सहा वेगळ्या चटण्यांची बेरीज १५, म्हणजे ६ च्या हिशोबानं ३. शून्य आणि तीन सारखे होत नाहीत, संपलं. सहा प्रकार सोडा, एकट्या भाकरीला जागा मिळत नाही.

८ घरं घेतली तरी काकांच्या झिगझॅग चौकोनाला हाच अडथळा येतो, कुठल्याही सम संख्येला येतो. ७ ला जोडीदार चौकोन, म्हणजे पहिल्यावर ठेवला की सगळ्या जोड्या एकेकदाच येतील असा दुसरा लॅटिन स्क्वेअर, सहज मिळतो पण तिथं कॅरीओव्हरचा तोल एका चौकोनात बसत नाही. म्हणजे ६ ला एक सोय, ७ ला दुसरी.

डंकवाली_राजारामपुरी

अरे बाप रे. मी दोन दिवस स्वतःलाच दोष देत होते. तो १५ आणि ३० चा युक्तिवाद मी आज बारावीच्या मुलींना फळ्यावर करून दाखवला, एक मुलगी म्हणाली "म्हणजे मॅडम, न करता कळलं की होणार नाही?" तेवढ्यासाठी तरी हा धागा काढल्याचं सार्थक झालं. काकांचा चौकोन काकूंना दाखवला, त्यांनी परत चष्मा लावून एकेक नंबर बोटानं तपासला आणि "आता बरोबर हाय" म्हणाल्या.

पण मग भाकरी-भाताचं काय करू? ते सोडून द्यायचं का?

एमएस्सी_विद्यानगर

सोडू नका. अट थोडी सैल करा. लॅटिन स्क्वेअरमध्ये प्रत्येक चिन्ह ओळीत एकदाच आलं पाहिजे असा हट्ट असतो. तो हट्ट सोडून "प्रत्येक चिन्ह ओळीत आणि रकान्यात ठरावीक वेळा" असं म्हटलं की त्याला फ्रिक्वेन्सी स्क्वेअर म्हणतात. तुम्ही सहा प्रकारांऐवजी तीनच ठेवा, भाकरी, भात आणि पाव, प्रत्येक परीक्षकाला प्रत्येक प्रकार दोनदा. मग काकांच्याच चौकोनावर हे बसतं:

पहिला परीक्षक: भाकरी, पाव, भात, भात, पाव, भाकरी
दुसरा: भात, भाकरी, पाव, पाव, भाकरी, भात
तिसरा: पाव, भात, भाकरी, भाकरी, भात, पाव
चौथा पहिल्यासारखा, पाचवा दुसऱ्यासारखा, सहावा तिसऱ्यासारखा.

आता १ नंबरची चटणी शोधा. पहिल्याकडं भाकरीबरोबर, दुसऱ्याकडं पावाबरोबर, तिसऱ्याकडं भाताबरोबर, चौथ्याकडं भाकरी, पाचव्याकडं पाव, सहाव्याकडं भात. प्रत्येकी दोनदा. बाकी पाच चटण्यांचंही तसंच, तपासून बघा. गुपित असं की चटणी ठरते ओळ अधिक रकाना यावरनं, आणि प्रकार ठरतो ओळ वजा रकाना, पण तीनच्या हिशोबानं. सहाच्या हिशोबानं जे अडत होतं ते तीनच्या हिशोबानं अडत नाही.

आणि जाता जाता, ३६ अधिकाऱ्यांचा प्रश्न अजून एका वाटेनं सुटलाय. घरात एक चिन्ह ठेवण्याऐवजी क्वांटम अवस्था, म्हणजे एक व्हेक्टर ठेवायचा, आणि "ओळीत सगळी चिन्हं वेगळी" याऐवजी "ओळीतले व्हेक्टर एकमेकांना काटकोनात" असं म्हणायचं, त्याला क्वांटम लॅटिन स्क्वेअर म्हणतात. अधिकाऱ्यांची रेजिमेंट आणि हुद्दा एकमेकांत गुंतलेले चालतील असं धरलं तर ६ ला उत्तर आहे, २०२२ साली छापून आलं, त्यात पोलंडच्या लोकांबरोबर मद्रास आयआयटीचे लोक होते. रस्स्याला उपयोग नाही पण मला हे वाचून रात्रभर झोप लागली नव्हती.

शिरोळचा_ऊस

वाचत होतो गप, पण राहवत नाही. आमच्या भागात नदीकाठची काळी जमीन, आणि पाणी जास्त झाल्यानं कुठं कुठं क्षारपड. मी मागं उसाच्या ८६०३२ आणि २६५ या जाती धरून सहा बेण्यांची तुलना करायला सहा बाय सहा वाफे पाडले होते, एका ओळखीच्या माणसानं लॅटिन स्क्वेअर सांगितला म्हणून. उभ्या-आडव्या फरकाचा हिशोब लागला, पण क्षारपडीचा पट्टा एका कोपऱ्यात होता आणि एक बेणं त्या कोपऱ्यात तीनदा आलं. त्याला काही आहे का तुमच्याकडं?

निवृत्त_प्लॉटवाला

आहे की दादा, आणि तुमच्यासारख्यांसाठीच ते निघालं. जर्मनीत डब्ल्यू. यू. बेरेन्स यांनी १९५६ मध्ये मांडलं, नाव गेरेख्टे डिझाइन, गेरेख्ट म्हणजे न्याय्य. ओळ आणि रकान्याबरोबर शेताचे आणखी तुकडे पाडायचे, तुमच्या सहा बाय सहात प्रत्येकी सहा वाफ्यांचे सहा तुकडे, दोन बाय तीन असतील किंवा वेडेवाकडेही चालतील, आणि प्रत्येक तुकड्यातही प्रत्येक बेणं एकदाच. क्षारपडीचा कोपरा म्हणजे एक तुकडा धरा. वर्तमानपत्रातलं सुडोकू म्हणजे हेच, नऊ बाय नऊ आणि तुकडे तीन बाय तीन. सुडोकू लोकांच्या हातात यायच्या कितीतरी आधी ते शेतात होतं ही गोष्ट मला फार आवडते. तुकडे जमिनीचा उतार, पाट, क्षार बघून पाडा, कागदावर चौकोनी दिसतात म्हणून पाडू नका.

आणि ताई, तुमच्या ॲसिडिटीवाल्या परीक्षकांचं राहिलंच. एकाला तीन आणि बाकीच्यांना सहा असं करू नका, तुलना मोडते. सहाच्या जागी सात घरं होणार असतील तर सगळ्याच सात परीक्षकांना तीन-तीन वाट्या द्या, असं:

१ २ ४
२ ३ ५
३ ४ ६
४ ५ ७
५ ६ १
६ ७ २
७ १ ३

प्रत्येक चटणी तीन जणांनी खाल्ली, प्रत्येक पाळीला एकदा आली, आणि कुठल्याही दोन चटण्या घ्या, त्या दोन्ही खाणारा परीक्षक बरोब्बर एकच. याला यूडन स्क्वेअर म्हणतात, आहे मात्र आयतच. डब्ल्यू. जे. यूडन तंबाखूच्या पानांवरच्या व्हायरसचा अभ्यास करत होते, झाडावरची पानं मोजकीच, तपासायचे नमुने जास्त, म्हणून १९३७ मध्ये ही युक्ती काढली. कॅरीओव्हरचा तोल यात पूर्ण नाही, पण तीनच वाट्या असतात, मधे ताक आणि वेळ देता येतो.

तालमीतला_कॅरम

मीपण विचारतो मग. आमच्या तालमीत आठ खेळाडूंची कॅरम स्पर्धा, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, सात फेऱ्या. सात पंच आहेत. पंचावरनं दरवर्षी कुरकुर होते की अमक्याला तोच पंच तीनदा आला. प्रत्येक खेळाडू प्रत्येक पंचापुढं एकदाच यावा, होईल का?

एमएस्सी_विद्यानगर

होईल! दादा, तुम्ही नकळत रूम स्क्वेअर मागितलाय. रूम हे आडनाव आहे, टी. जी. रूम यांनी १९५५ मध्ये यावर लिहिलं. यात घरात एक चिन्ह नसतं, एक तर जोडी असते नाहीतर घर रिकामं. ओळ म्हणजे फेरी, रकाना म्हणजे पंच. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात आठही खेळाडू एकेकदा, आणि प्रत्येक जोडी पूर्ण तक्त्यात एकदा. ४९ घरांतली २८ भरलेली.

खेळाडूंना ० ते ६ नंबर द्या, आठव्याला 'आ' म्हणा. पंचांनाही ० ते ६. पहिली फेरी: आ-० पंच ०, २-३ पंच ५, ४-६ पंच ३, १-५ पंच ६. पुढच्या प्रत्येक फेरीत सगळ्या नंबरांत, पंचाच्याही, १ मिळवा, ७ झाले की ०, आणि 'आ' तसाच ठेवा. म्हणजे दुसरी फेरी आ-१ पंच १, ३-४ पंच ६, ५-० पंच ४, २-६ पंच ०. सात फेऱ्या झाल्या की सगळं जुळतं, मी पंच ० तपासला, त्याच्याकडं आ-०, २-६, ४-५, १-३ आले, आठही जण. प्रत्येक फेरीत तीन पंच मोकळे, ते स्कोर लिहितील.

सहा खेळाडूंना मात्र हे होत नाही, चारलाही नाही. बाकी कुठल्याही सम संख्येला होतं, हे मलिन आणि वॉलिस यांनी १९७५ मध्ये पूर्ण केलं. (दोन खेळाडूंना एकच सामना, तिथं प्रश्नच नाही.)

तालमीतला_कॅरम

आठही जणांना आत्ताच ग्रुपवर टाकलं. दोघांनी लगेच वही काढून तपासायला घेतलंय. लई धन्यवाद भावा.

डंकवाली_राजारामपुरी

अजून एक अडचण आली म्हणून परत लिहितीय. तक्ता भिंतीवर लावायच्या आधीच परीक्षकांच्या मागण्या सुरू झाल्या, एक म्हणतायत मला चार नंबर पहिला नको, दुसरे म्हणतायत सहा नंबर मला शेवटी द्या. काही घरं आधी भरून ठेवली तर बाकीचा चौकोन पुरा होईल याची खात्री असते का?

एमएस्सी_विद्यानगर

साध्या लॅटिन स्क्वेअरमध्ये असेल तर फार छान उत्तर आहे. सहा बाय सहात पाचपर्यंत घरं कशीही भरा, फक्त एका ओळीत किंवा रकान्यात तोच नंबर दोनदा नको, बाकीचा चौकोन नेहमी पुरा होतो. एव्हान्सनं १९६० मध्ये हा अंदाज केला आणि १९८१ मध्ये स्मेटानियुकनं सिद्ध केला. सहावं घर भरलं की खात्री गेली: पहिल्या ओळीत १ ते ५ लिहा, शेवटचं घर रिकामं, आणि त्या रिकाम्या घराच्या खाली त्याच रकान्यात ६ लिहा. आता त्या घरात काहीच बसत नाही.

उलट पूर्ण ओळी भरल्या असतील तर कितीही चालतं, तीन परीक्षकांच्या ओळी नीट भरून झाल्या असतील तर उरलेल्या तीन भरता येतातच, लॅटिन आयत नेहमी चौकोनापर्यंत वाढवता येतं, हॉलच्या विवाह-प्रमेयावरनं निघतं. पण ताई, हे सगळं साध्या चौकोनाचं. तुमच्या चौकोनात शेजारजोड्यांची अट आणि भाकरी-भाताची अट दोन्ही आहेत, तिथं ही हमी लागू नाही. एक मागणी मान्य केली की काकूंच्या तक्रारीला परत जागा होते.

निवृत्त_प्लॉटवाला

मागण्या घेऊच नका ताई. कुठला परीक्षक कुठल्या ओळीत बसतो ते चिठ्ठीनं ठरवा, आणि ओळ मिळाली की मिळाली. ओळी वरखाली केल्या तर तोल बिघडत नाही. रकाने मात्र हलवू नका, पाळ्या हलल्या की शेजारजोड्या मोडतात.

डंकवाली_राजारामपुरी

हे महत्त्वाचं होतं, मी रकानेच हलवायला निघाले होते.

मग ठरलं. सातव्या घराला पुढच्या वर्षी या म्हणून समजावलंय, यावर्षी सहाच. ॲसिडिटीवाले मोजणीला बसतील, त्यांच्या जागी दोन नंबरच्या काकूंचे थोरले दीर, त्यांना वाट्यांवरचे नंबर कुणाचे ते माहीत नाही आणि मी कुणाला सांगणारही नाही. भाकरी, भात आणि पाव, प्रत्येकी १२ जागा. ताकाचं मोठं पातेलं. ब्याडगी आणि संकेश्वरी काल लक्ष्मीपुरीतनं आणली, गच्चीवर वाळत टाकलीय, डंकावर गुरुवारचा नंबर मिळालाय. तक्ता मोठ्या अक्षरात ड्रॉइंग पेपरवर काढतीय आणि शेजारी १५ आणि ३० ची ती बेरीजही लिहिणार आहे, कारण सहा प्रकारांचे तीन का केले हे मला सहाही घरांत जाऊन सांगावं लागणार आहे.

निवृत्त_प्लॉटवाला

निकालाबरोबर सगळे ३६ गुणही टाका इथं, क्रमासकट. लवंगीच्या पाठोपाठ खाल्लेल्या वाट्यांना खरंच कमी पडले का ते मी काढून देतो.

डंकवाली_राजारामपुरी

टाकते काका. रविवारी रात्रीच.